प्रश्न वाचकांचे: खिशात मावणारा धारेचा दगड

मागील अंकात भटकंतीच्या चाकूची निगा कशी राखावी, याविषयीच्या छोट्या टिपणात मी ‘सोबत बोटाएवढा धारेचा दगड असू द्यावा’ असे लिहिले होते. तो दगड आणायचा कुठून आणि घरी तयार करायचा कसा, हे मात्र सांगायचे राहिले. त्यावर नागपूर आणि परिसरातील वाचकांची पत्रे आली. त्यांतील सात प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण दगड बिघडतो तो बहुतेक त्या दोन टप्प्यांवर.

प्रश्न : आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात पचमढी आणि चिखलदऱ्याच्या बाजूला पायी भटकंती करतो. इतवारीतून कार्बोरंडमचा आठ इंची, एका बाजूने जाड व दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड आणला आहे. त्याचे चार लहान दगड करता येतील का? माप कोणते असावे आणि कापल्यानंतर आणखी काही करावे लागते का? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : चारच काय, बाराही होतील. आपला दगड बहुधा २०० मिलिमीटर लांब, ५० रुंद आणि २५ जाड असेल, आणि त्याच्या जाडीच्या मधोमध दोन थरांचा सांधा दिसत असेल. कापणाऱ्या पात्याच्या जाडीमुळे प्रत्येक कापात साधारण २ मिलिमीटर दगड वाया जातो, असे धरून हिशेब करावा. आधी लांबीच्या दिशेने मधोमध एक काप घेतला की २४ मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. मग प्रत्येक पट्टी कुशीवर आडवी ठेवून सांध्यातून उभी चिरली की जाड आणि बारीक थर वेगळे होतात, आणि शेवटी प्रत्येक पट्टीचे आडवे तीन तुकडे केले की सुमारे ६५ × २४ × ११ मिलिमीटरचे सहा जाड व सहा बारीक दगड हाती येतात. प्रत्येकाचे वजन ४० ग्रॅमच्या आसपास भरते. हा क्रम उलटा करू नये. आधी लहान तुकडे पाडले, तर पुढच्या कापासाठी ते हातात किंवा शिकंज्यात नीट धरता येत नाहीत आणि बोटे पात्याजवळ जातात.

कापण्यासाठी ग्रॅनाइटचे ओटे कापून देणाऱ्या कारागिराकडे जावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्याच्या यंत्रावर हिऱ्याच्या कणांचे पाते असते आणि त्यावर सतत पाणी पडत राहते. ही दोन्ही गोष्टी येथे आवश्यक आहेत. दगडाखाली एक निकामी फरशी घट्ट धरायला सांगावी, म्हणजे पाते बाहेर पडताना खालची कड तुटत नाही. घरातील हातकटर पाणी ओतत चालवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु विजेचे यंत्र आणि पाणी एकत्र आले की ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय ते काम कुणीही करू नये, आणि असला तरी नवख्याने करू नये. कोरडे कापले तर दगड तापून तडकतो आणि धूळ घरभर होते. हॅकसॉच्या साध्या पात्याने तर प्रयत्नही करू नये. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, आणि त्याची कठीणता मोसच्या मापावर (खनिजांची कठीणता १ ते १० अशी सांगणारे माप) ९ च्या पुढे जाते, त्यामुळे दगड कापला जाण्याऐवजी पात्याचेच दात झिजून जातात.

कापून आणलेला तुकडा हा अजून दगड झालेला नसतो. कापाची बाजू खडबडीत आणि किंचित वाकडी असते, आणि वाकड्या दगडावर धारेचा कोन प्रत्येक घासणीला बदलतो. त्यासाठी ८ मिलिमीटर जाडीची सपाट काच किंवा ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा घ्यावा, त्यावर चमचाभर कार्बोरंडम पावडर आणि थोडे पाणी टाकावे, आणि दगड इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासावा. पावडर मिळाली नाही, तर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट चालते. तिच्यातही बहुधा हेच कण असतात. घासण्यापूर्वी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात. मधल्या रेषा राहिल्या आणि कडेच्या पुसल्या गेल्या, तर दगड अजून मधोमध खोलगट आहे असे समजावे. सगळ्या रेषा एकाच वेळी पुसल्या जाईपर्यंत थांबू नये. आधी ८० क्रमांकाची पावडर, नंतर २२०ची (क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक), आणि दोहोंच्या मध्ये दगड व काच वाहत्या पाण्याखाली ब्रशने धुवून घ्यावी, कारण जाड पावडरचा एक कण जरी मागे राहिला तरी तो पुढच्या सगळ्या घासणीत ओरखडे पाडत राहतो. काचेचाही मधला भाग झिजतो, म्हणून दगड काचेच्या वेगवेगळ्या भागांवर फिरवावा.

यानंतर कडा मोडाव्यात. हे काम बरेच जण सोडून देतात आणि मग पहिल्याच दिवशी दगडाच्या कोपऱ्याचा टवका उडतो. सर्व कडांना साधारण १ मिलिमीटरची उतरंड द्यावी आणि एका लांब कडेला मात्र ३ मिलिमीटरपर्यंत गोलाई द्यावी. विळ्याच्या आतल्या बाकाला, करवतीसारखे दात असलेल्या पात्याला आणि मासे धरायच्या गळाच्या टोकाला हीच गोल कड कामाला येते.

आता दगड किती बारीक असावा, याबद्दल. बाजारातील अशा दगडाची बारीक बाजूसुद्धा बहुधा २४०च्या आसपास असते. कोयत्याला ती पुरेशी आहे, पण दोर कापणे, भाजी चिरणे, काडी तासणे या कामांच्या चाकूला त्याहून बारीक दगड हवा. जंगलात आपण पाते नव्याने घडवत नसतो. घरून नीट धार लावून नेलेले पाते दोन-तीन दिवस तसेच राखायचे असते. म्हणून प्रत्येकाच्या खिशात ६०० ते १००० क्रमांकाचा एक दगड असावा. पाते दगडावर आपटून खाच पडली तर उपयोगी पडावा, म्हणून चौघांत मिळून जाड दगड एकच न्यावा. हजार क्रमांकाचा पाण्यावर चालणारा दगड वेगळा विकत आणून वरील पद्धतीनेच कापता येतो.

चाकू कोणत्या पोलादाचा आहे, तेही पाहावे. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यापासून लोहाराने घडवलेला चाकू कार्बोरंडमवर सहज धार धरतो. परंतु ज्या महागड्या पोलादात व्हॅनेडियम भरपूर असते, त्यातील व्हॅनेडियम कार्बाइडचे कण सिलिकॉन कार्बाइडपेक्षाही कठीण असल्यामुळे तेथे हिऱ्याच्या कणांची पातळ पट्टीच घ्यावी. दगड कापण्याचे श्रम त्या चाकूसाठी घेऊ नयेत.

प्रश्न : मी हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करतो. तेथे फुटलेली ग्राइंडिंगची चाके टाकून दिली जातात. त्यांचे तुकडे धारेसाठी चालतील का? — एक वाचक, वाडी

उत्तर : चालतील, पण चाकाच्या लेबलवरील खूण वाचल्याशिवाय तुकडा उचलू नये. समजा त्यावर ‘ए ६० के ५ व्ही’ असे छापले आहे. पहिले अक्षर कणाची जात सांगते: ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, सी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. ६० हा कणाचा क्रमांक आहे. के हे चाकाच्या बांधणीचा घट्टपणा सांगते. अक्षर जितके पुढचे, तितके चाक कडक. ५ ही कणांमधील मोकळ्या जागेची खूण आहे, आणि शेवटचे व्ही म्हणजे भट्टीत भाजलेल्या काचमातीची बांधणी. तेथे व्हीऐवजी बी असेल, तर ती राळेची बांधणी आहे आणि ती हातदगडासाठी निरुपयोगी आहे. लोखंड कापायच्या पातळ चकत्या राळ आणि काचधाग्यांच्या असतात. त्यांचाही विचार करू नये.

व्ही खुणेचा तुकडा पोत्यात गुंडाळून छिन्नीने हव्या आकारात फोडता येतो, आणि वर सांगितलेल्या पद्धतीने सपाट करता येतो. ६० क्रमांकाचा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो, म्हणजे असा दगड कोयता, कुऱ्हाड आणि विळा यांच्यासाठी उत्तम आणि खिशातल्या चाकूसाठी फार जाड. तुटलेले किंवा चीर गेलेले चाक मात्र पुन्हा यंत्रावर कधीही चढवू नये, तुकडा कितीही मोठा व गोल वाटला तरी. वेगात फिरताना ते फुटते, आणि त्याचे तुकडे माणसाला कायमचे अधू करतात.

प्रश्न : पूर्वीचे लोक नदीतला किंवा टेकडीवरचा दगड घेऊनच धार लावत असतील. कामठीचा वाळूचा दगड, सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड किंवा कन्हान नदीतल्या गारगोट्या यांपैकी कशाचा छोटा निसणा करता येईल? — एक वाचक, कामठी

उत्तर : आपण वापरलेला ‘निसणा’ हा शब्द वाचून फार समाधान वाटले, धारेच्या दगडाला मराठीत असलेला हा नेमका शब्द आता क्वचितच कानावर पडतो. दुसरा शब्द कुरुंद. इंग्रजीतील कोरंडम हे खनिजाचे नाव आपल्याच देशातील कुरुंद, कुरुविंद या शब्दांवरून गेले आहे. तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे मागील उत्तरातील चाकाचा ‘ए’.

नागपूर हे दगडाच्या दृष्टीने मोठ्या सोयीच्या जागी वसलेले शहर आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण येथे संपत येतो, पूर्वेला जुने स्फटिकी खडक सुरू होतात, आणि उत्तरेला कामठीकडे गोंडवन काळातील वाळूचा दगड उघडा पडतो. भूगर्भशास्त्रात त्या थरांना कामठीचेच नाव दिलेले आहे. असे असले तरी आपण विचारलेल्या तिन्ही दगडांचे गुण सारखे नाहीत.

काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, धारेसाठी घेऊ नये. त्यातील मुख्य खनिजांची कठीणता मोसच्या मापावर ५ ते ६ च्या आसपास असते, आणि नीट पाणी दिलेले चाकूचे पोलाद तेवढेच किंवा थोडे अधिक कठीण असते. जे स्वतः पोलादाहून कठीण नाही, ते पोलाद कापू शकत नाही. पाट्याच्या कडेवर सुरी घासली की ती तात्पुरती चांगली चालते, असा अनुभव घरोघरी आहे आणि तो खोटा नाही. तेथे दुमडलेली धार सरळ होते, एवढेच. नवी धार तयार होत नाही.

वाळूच्या दगडात स्फटिकाचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. त्यांची कठीणता ७ असल्याने ते पोलाद कापतात. प्रश्न आहे तो कणांच्या आकाराचा आणि ते किती घट्ट बांधलेले आहेत याचा. कामठीच्या दगडात बारीक, मध्यम आणि जाड असे सगळे थर आढळतात, आणि पुष्कळ ठिकाणी बांधणी इतकी सैल असते की बोटाने चोळले तरी कण सुटतात. असा दगड विळ्याला चालेल. चाकूसाठी हवा असेल, तर ताजा फोडलेला पृष्ठभाग दहापट भिंगातून पाहावा. सगळे कण एकसारखे दिसले पाहिजेत, कारण शंभर बारीक कणांमध्ये एक जाड कण असला तरी तोच धारेला खाच पाडतो. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडावा: थेंब तत्काळ शोषला गेला तर दगड सैल व सच्छिद्र आहे. त्यानंतर जुन्या सुरीचे पाते ओल्या दगडावर दहा वेळा घासावे. पाण्यात करडा-काळा रंग उतरला तर दगड पोलाद खात आहे. फक्त पिवळसर गाळ उतरला तर दगडच झिजतो आहे. शेवटची चाचणी चुन्याच्या दगडाची. नागपूरच्या परिसरात चुनखडीचे थरही आहेत आणि बारीक पोताचा चुनखडक दिसायला फसवा असतो. त्याची पूड करून तीवर लिंबू पिळावे. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवावा, तो पोलादाहून फारच मऊ असतो.

गारगोटी हा मात्र खरोखर विचार करण्याजोगा दगड आहे. तिच्यातही दोन जाती ओळखाव्यात. पांढरी, साखरेच्या खड्यासारखी फुटणारी गारगोटी उपयोगाची नाही. अकीक किंवा जास्परसारखी, मेणचट दिसणारी, फोडल्यावर शिंपल्यासारखा गुळगुळीत वळणदार पृष्ठभाग देणारी गारगोटी इतक्या सूक्ष्म स्फटिकांची असते की त्यांचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातला नोव्हॅक्युलाइट हा जगभर वापरला जाणारा धारेचा दगड याच प्रकारचा, जवळजवळ शुद्ध सूक्ष्मस्फटिकी सिलिकाचा असतो. आपल्याकडील अकीक तेवढा वेगाने कापत नाही, कारण त्याची वीण अधिक घट्ट असते. पण ६०० क्रमांकाच्या पावडरवर सपाट केलेली अकीकाची दोन बोटे रुंद चकती शेवटचा हात फिरवण्यासाठी फार सुंदर चालते, आणि ती वर्षानुवर्षे झिजत नाही. ती सपाट करायला दोन-तीन संध्याकाळी जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गारगोटी, वाळूचा दगड किंवा स्फटिकाचा कोणताही खडक कोरडा कापू नये आणि कोरडा घासू नये. त्याच्या सूक्ष्म धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसे कायमची घट्ट होत जातात आणि त्यावर उपाय नाही. गुजरातमधील खंभात येथे अकीकाला घाट देणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या या आजाराने गेले आहेत. एका छोट्या दगडासाठी आपण तेवढी धूळ घेणार नाही, हे खरे. परंतु पाणी वापरायला काहीच खर्च येत नाही. सोबत एन-९५ मुखपट्टी लावावी, आणि सांडलेला गाळ वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, कारण वाळला की त्याची पुन्हा धूळ होते.

दगड कुठून उचलला, हेही महत्त्वाचे आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात वनातील दगड व खनिजे ही वनोपजात मोडतात, म्हणून जंगलातून आवडलेला दगड पिशवीत टाकून आणणे गैर आहे. घराच्या बांधकामाला आलेल्या गिट्टी-वाळूत किंवा शेताच्या बांधावर शोधावे. तेथे पुरेशा गारगोट्या मिळतात.

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. उन्हाळी शिबिरात मुलांना चाकूची निगा शिकवायची आहे. तीस मुलांसाठी स्वस्तात काय करता येईल? — एक वाचक, सक्करदरा

उत्तर : आपण दगडाच्या मागे लागू नये, पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर, ज्याला दुकानात वॉटर पेपर म्हणतात, तो घ्यावा. त्याच्यावरचे कणही सिलिकॉन कार्बाइडचेच असतात. एक ताव २३० × २८० मिलिमीटरचा असतो. त्यातून २५ मिलिमीटर रुंद आणि ११५ लांब अशा २२ पट्ट्या निघतात. सुताराकडून तेवढ्याच मापाच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या रंधून घ्याव्यात आणि एका बाजूला ६००चा, दुसऱ्या बाजूला १५००चा कागद दुहेरी चिकटपट्टीने चिकटवावा. अशी पट्टी दहा-पंधरा ग्रॅमची होते आणि कागद झिजला की नवा लावता येतो.

कागदाच्या आणि दगडाच्या क्रमांकांची मात्र गल्लत करू नये. पी-१००० खुणेच्या कागदाचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, तर जपानी मोजणीच्या १००० क्रमांकाच्या दगडाचा कण सरासरी १२ मायक्रॉनच्या जवळपास. म्हणजे हजाराच्या दगडासारखा परिणाम हवा असेल तर कागद दीड ते दोन हजारांच्या दरम्यानचा लागतो.

मुलांना पहिली गोष्ट शिकवावी ती ही, की कागदावर पाते नेहमी मणक्याच्या, म्हणजे बोथट पाठीच्या दिशेने ओढायचे. धार पुढे ठेवून ढकलले तर ती कागद चिरते आणि हातही सटकतो. दुसरी काळजी उन्हाची. आपले शिबिर मे महिन्यात असेल, आणि नागपूरला पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना बंद गाडीत ठेवलेल्या पट्टीवरची दुहेरी चिकटपट्टी मऊ होऊन कागद सरकतो. सरकलेल्या कागदाला फुगवटा येतो आणि धार गोल होते. म्हणून पट्ट्या सावलीत, सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. एका वेळी एकाच मुलाच्या हातात चाकू असावा, हे आपणांस सांगायची गरज नाही.

प्रश्न : पावडर आणून साच्यात ओतून दगड घरीच तयार करता येईल का? कुंभाराच्या भट्टीत भाजून घेता येईल, असे एकाने सुचवले. — एक वाचक, महाल

उत्तर : कुंभाराच्या भट्टीचा विचार सोडून द्यावा. उघड्या भट्टीत मडकी साधारण ७०० ते ९०० अंशांवर भाजली जातात, आणि धारेच्या दगडातील माती वितळून काचेसारखी व्हायला १२०० अंश किंवा अधिक तापमान लागते. कमी तापमानावर भाजलेला दगड पाण्यात भुगा होईल.

पिठाच्या चक्कीचे एमरीचे दगड भट्टीशिवाय बनतात, हे आपणांस ठाऊक असेल. त्यात एमरीचे कण मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइड यांच्या मिश्रणाने बांधलेले असतात, आणि ते मिश्रण सिमेंटसारखे आपोआप घट्ट होते. ते कोरड्या धान्यासाठी ठीक आहे. सतत पाणी लागले की ही बांधणी सुटत जाते, म्हणून पावसाळी भटकंतीच्या दगडासाठी ती कामाची नाही.

उरते इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारी राळ. वजनाने एक भाग इपॉक्सीला तीन भाग सिलिकॉन कार्बाइड पावडर असे घट्ट मिश्रण करावे आणि साच्यात दाबून भरावे. मिश्रण पातळ झाले तर कण तळाशी बसतात आणि वरच्या भागात नुसती राळ राहते, म्हणून साच्याच्या तळाची बाजूच कामाची बाजू समजावी. घट्ट झाल्यावर राळेची वरची साय घासून काढल्याशिवाय दगड कापत नाही. हातमोजे घालावेत, कारण इपॉक्सीच्या हार्डनरने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती जात नाही. एवढे करूनही हा दगड विकतच्या दगडाची बरोबरी करत नाही: भाजलेल्या दगडात कणांमध्ये मोकळी जागा असते आणि तेथे पोलादाचा भुगा मावतो, तर इपॉक्सीत ती जागाच नसल्याने पृष्ठभाग लवकर गुळगुळीत होतो. मी हा प्रकार एकाच कामासाठी सुचवीन. जुन्या पेनच्या नळीत हे मिश्रण भरून जी गोल कांडी मिळते, ती विळ्याच्या बाकाला आणि दातेरी पात्याला फार उपयोगी पडते, आणि अशी कांडी सहसा बाजारात मिळत नाही.

प्रश्न : मोठ्या दगडावर मला धार लावता येते. लहान दगडावर मात्र कोन राहत नाही आणि बोट कापण्याची भीती वाटते. — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : मोठ्या दगडावर चाकू फिरतो, लहान दगड वापरताना चाकू स्थिर ठेवून दगड फिरवावा. चाकूची पाठ ओंडक्यावर किंवा सपाट खडकावर टेकवावी, मांडीवर कधीही नाही. दगड अंगठा आणि दोन बोटांनी असा धरावा की बोटांची टोके दगडाच्या वरच्या पातळीच्या खाली राहतील. पहिल्या उत्तरात ११ मिलिमीटर जाडी सांगितली आहे ती याचसाठी. ५ मिलिमीटरचा दगड हलका असला तरी बोटांना जागा देत नाही.

कोनासाठी एक सोपे माप आहे. पाते दगडावर सपाट टेकवून त्याची पाठ पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी उचलली की जवळजवळ २० अंशांचा कोन होतो, आणि भटकंतीच्या चाकूला तो योग्य आहे. एक चतुर्थांश उचलली तर १५ अंश, स्वयंपाकघरातील सुरीसाठी. दगड फिरवतानाही पाते आणि दगड यांच्यातील हेच अंतर डोळ्यांसमोर ठेवावे. सुरुवातीला धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ मारावी. दोन हात फिरवून पाहिले की शाई कुठून गेली ते दिसते: वरच्याच भागातून गेली तर कोन कमी पडतो आहे, अगदी टोकावरून गेली तर तो जास्त झाला आहे.

एका बाजूने घासत असताना दुसऱ्या बाजूला पोलादाची केसासारखी बारीक कोर उलटते. धारेला आडवे, आतून बाहेर बोट नेल्यास ती जाणवते. ती पूर्ण लांबीवर आली की बाजू बदलावी, आणि शेवटी दाब कमी करत एकेका बाजूला एकेक हात फिरवावा. उरलेली कोर चामड्यावर जाते. जुन्या पट्ट्याचा वीतभर तुकडा लाकडावर चिकटवून त्यावर बफिंगची हिरवी वडी चोळावी. तिच्यातील क्रोमियम ऑक्साइड दगडाहून कितीतरी बारीक असते. दगडावर पाणीच वापरावे. तेल एकदा मुरले की तो दगड पुन्हा पाण्याचा होत नाही, आणि तेलकट दगडाला थैलीतली सगळी माती चिकटते.

दगड हरवलाच, तर चिनी मातीच्या बरणीचा किंवा कपाचा तळ उलटा करून पाहावा. तेथे झिलई नसलेले जे खरखरीत कडे असते, त्यावर धार बरीच परत येते.

प्रश्न : दगडाला भोक पाडून तो चाकूच्या म्यानाला बांधावा का? आणि असा संच घेऊन पेंचला गेले तर चालते का? — एक वाचक, रामटेक

उत्तर : भोकाचा दगड ही फार जुनी सोय आहे. नॉर्वेतील आइड्सबोर्ग येथील खाणीचे धारेचे दगड व्हायकिंग काळात समुद्रमार्गे दूरवर जात असत, आणि त्या काळचे भोक पाडलेले, कमरेला लटकवायचे दगड उत्खननांत सापडले आहेत. भोक ४ ते ५ मिलिमीटरचे, टोकापासून निदान ८ मिलिमीटर आत घ्यावे. हिऱ्याचे कण लावलेले पोकळ ड्रिल वापरावे, दगड पाण्याच्या ताटलीत ठेवून हळू फिरवावे, आणि अर्धे भोक एका बाजूने व अर्धे दुसऱ्या बाजूने पाडावे. लटकणारा दगड चालताना म्यानावर आपटत राहतो, म्हणून त्याला चामड्याचा वेगळा कप्पा शिवणे चांगले. त्यात तो वाळवूनच ठेवावा, नाहीतर ओल्या चामड्याशेजारी पात्याला एका रात्रीत गंज चढतो.

पेंचबद्दल उत्तर नकारार्थी आहे. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शस्त्र घेऊन जाता येत नाही. पचमढीच्या भोवतीचे बरेच जंगलही अभयारण्यात मोडते, तेव्हा पहिल्या प्रश्नातील चौघा मित्रांनीही आपली वाट कोणत्या हद्दीतून जाते, ते वन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. सफारीच्या दिवशी चाकू मुक्कामाच्या खोलीतच ठेवावा.